एका पगारातलं घर, दोन पगारांतलं भाडं

पत्र:

‘मी ३६ वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो, सहा वर्षांची मुलगी आहे, भाड्याच्या घरात राहतो. माझे बाबा ७१ वर्षांचे. त्यांचं एक पालुपद आहे: “मी एका पगारात घर बांधलं, तुम्हा दोघा भावंडांना शिकवलं, आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. आम्ही अंथरूण पाहून पाय पसरले. तुमच्याकडे दोन पगार, दारात रोज नवं खोकं, आणि घर मात्र भाड्याचं!” मी म्हणते, तुमच्या वेळी सगळं स्वस्त होतं. असं म्हटलं की ते भडकतात. गेल्या महिन्यात मुलीच्या वाढदिवशी हेच सगळं माझ्या नवऱ्यासमोर झालं. तो उठून आत निघून गेला. आई काहीच बोलली नाही, टेबल आवरत राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला की मुदत ठेव मोडून पैसे देतो, पण घर याच वर्षी घ्या. नवरा म्हणतो, टोमण्यांसकट येणारे पैसे नकोत. मला दोनच गोष्टी सांगा. कुणाचं खरं? आणि पैसे घ्यावेत का? — दोन पगारवाली’

प्रिय दोन पगारवाली,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाबांनी त्याला मुदत घातली आहे. या वर्षी ते पैसे घेऊ नका. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: घराच्या बाबतीत तुमचं खरं, वस्तूंच्या बाबतीत बाबांचं खरं, आणि ‘एका पगारात’ हे जे तुम्ही दोघांनीही मुकाट धरून चालला आहात, ते साफ चुकीचं.

मी वयाने तुमच्या दोघांच्या मधली. बाबांहून दहाएक वर्षांनी धाकटी. ही बोलणी मी आधी खाल्ली आहेत, आणि आता माझी मुलं म्हणतात की मी ती इतरांना वाढते. तेव्हा कुणा एकाचं वकीलपत्र माझ्याकडे नाही.

‘तुमच्या वेळी सगळं स्वस्त होतं’ हे वाक्य मात्र आजपासून बंद करा. आमच्या घरी टेबलफॅन आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याच्यासाठी वडिलांनी अकरा महिने पैसे बाजूला टाकले होते. आईने त्याला जुन्या पडद्याचं आवरण शिवलं आणि आठ महिने तो त्या झग्यात बसून असायचा. उन्हाळ्यात आम्ही पाच जण ओळीने आडवे व्हायचो आणि फॅन या टोकापासून त्या टोकापर्यंत मान फिरवायचा. त्याच्या मागे एक खुंटी होती. ती दाबली की मान तिथेच थांबायची. रात्री कुणीतरी गुपचूप उठून आपल्या दिशेला आल्यावर ती दाबायचं आणि सकाळी त्यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं. तो फॅन सत्तावीस वर्षं चालला, तीनदा दुरुस्त झाला. माझ्या मुलाचा फॅन मागच्या वर्षी बिघडला. दुरुस्त करणाऱ्याने घरी यायचे आणि बघायचे म्हणून जे सांगितले, त्यात थोडी भर घालून नवाच येत होता. दोन दिवसांच्या कमाईत आला. अकरा महिन्यांची बचत कुठे आणि दोन दिवस कुठे! बाबांना खोकी खुपतात ती या आठवणीमुळे. त्यांच्या लेखी वस्तू दारात येणं म्हणजे वर्षभराची तपश्चर्या. रोज तपश्चर्या फळाला आलेली बघून माणूस बिचकणारच.

रकमा एकमेकींशेजारी ठेवल्या की दोन्ही बाजूंची फसगत होते. बाबांना आजची रक्कम ऐकून चक्कर येते, तुम्हाला त्यांची ऐकून हसू येतं. अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांनी १९२८ मध्येच याला नाव दिलं होतं, पैशाचा भ्रम. माणूस नोटेवरचा आकडा बघतो, त्यात येतं काय ते बघत नाही. यावरचा सोपा उतारा म्हणजे वस्तूची किंमत तासांत लावायची. ही गोष्ट घ्यायला किती तास राबावं लागलं? विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी फार आधी असाच हिशेब नुसत्या उजेडाचा मांडला होता. १८०० च्या सुमारास तासभर वाचता येईल एवढा उजेड मेणबत्तीतून मिळवायचा तर साधारण सहा तास मजुरी करावी लागे. १९९० च्या दशकापर्यंत त्याला एका सेकंदाचंही काम पुरेना. कारखान्यात जे जे बनतं, त्यातल्या बहुतेकांचं कमी-अधिक असंच झालं. कपडे, घड्याळं, दूरचित्रवाणी संच, दूरच्या माणसाशी बोलणं. त्यामुळे तुमच्या दारातली खोकी ही उधळपट्टीची खूण असेलच असं नाही. ती स्वस्त झाली म्हणून आली. (त्यातली निम्मी विनाकारण येतात, हे मी माझ्या घराच्या अनुभवावरून सांगते. पण तो वेगळा विषय.)

आता घर. इथे बाबांचा तराजू चालत नाही. घर कारखान्यात बनत नाही. बनलं तरी ते ठेवायला जमीन लागते आणि जमीन कुणी बनवत नाही. २०१७ मध्ये तीन अर्थशास्त्रज्ञांनी १४ विकसित देशांमधल्या घरांच्या १८७० ते २०१२ पर्यंतच्या किमती तपासल्या. महागाई वजा केली तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या फारशा हललेल्याच नव्हत्या. त्यानंतर मात्र त्यांनी उसळी घेतली, आणि त्या वाढीतला सुमारे ८० टक्के वाटा विटा-सिमेंटचा नव्हता, खालच्या जमिनीचा होता. म्हणजे नोकऱ्या जिथे आहेत तिथे सगळ्यांनाच राहायचंय आणि जागा तेवढीच आहे. बाबांनी ज्या वर्षी घर बांधलं त्या वर्षी त्या जागेसाठी रांगेत किती जण होते आणि आज किती आहेत, यात त्यांच्या काटकसरीचा काही संबंध नाही.

बाबांना आणखी एक मदत झाली, आणि ती त्यांना बहुधा कळलीही नसेल. घरासाठी त्यांनी कर्ज काढलं असणार, आणि त्याचा मोठा भाग महागाईने फेडला. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगते. समजा हप्ता सुरुवातीला पगाराच्या ४० टक्के होता आणि तो ठरलेला, बदलत नाही. महागाई जोरात असली की पगारही तिच्या मागे धावतो. पगार दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत असेल तर सात-सव्वासात वर्षांत दुप्पट होतो. (७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागायचं, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. मुलीलाही शिकवून ठेवा.) म्हणजे सातव्या वर्षाच्या आसपास तोच हप्ता पगाराच्या २० टक्के आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी १० टक्के. शेवटी शेवटी तर तो कापला गेलेला लक्षातही येत नसेल. तुमचा पगार वर्षाला ४ टक्क्यांनी वाढत असेल तर दुप्पट व्हायला १८ वर्षं लागतात. तोवर ४० टक्क्यांचं ओझं अगदी हळूहळू उतरतं. कर्जही तेच आणि शिस्तही तीच, पण बाबांचं अंथरूण दरवर्षी वीतभर वाढत होतं. तुमचं बोटभर वाढतं.

त्यांच्या बाजूने हेही सांगायला हवं की महागाईच्या त्या काळात कर्ज मिळवणंच कठीण असायचं आणि पहिली पाच वर्षं जीव काढायची. अमेरिकेत ऑक्टोबर १९८१ मध्ये गृहकर्जाचा दर १८ टक्क्यांच्या वर गेला होता. तेव्हा ‘पोटाला चिमटा काढला’ असं बाबा म्हणत असतील तर तो चिमटा खराच आहे. पुढे व्याजदर उतरले, आणि सगळ्यांना वाटलं आता घर घेणं सोपं झालं. पण दर १२ वरून ६ टक्क्यांवर आला की २० वर्षांच्या मुदतीत त्याच हप्त्यात दीडपट कर्ज मिळतं. तुम्हाला मिळतं तसं शेजारच्यालाही मिळतं, पलीकडच्यालाही मिळतं. सगळे दीडपट कर्ज खिशात घेऊन एकाच घरासमोर उभे राहिले की घराची किंमत कुठे जाणार? व्याज उतरल्याचा बराचसा फायदा विकणाऱ्याच्या पदरात पडला. विकणारे कोण, तर बरेचदा बाबांच्याच पिढीतले. हे त्यांना सांगताना आवाज जरा खाली ठेवा.

आणि खोक्यांचा एकदाचा निकाल लावून टाकू. समजा घराची किंमत तुमच्या दोघांच्या मिळून दहा वर्षांच्या कमाईइतकी आहे आणि पाचवा हिस्सा आधी भरायचाय. म्हणजे दोन वर्षांची कमाई. समजा खोकी, बाहेरचं खाणं, फिरणं सगळं बंद करून कमाईच्या ५ टक्के वाचले. दोन वर्षांची कमाई जमायला ४० वर्षं लागतील. तोवर तुम्ही बाबांच्या आजच्या वयाच्याही पुढे गेलेल्या असाल. ज्या घराचा तिढा आहे तो खोक्यांनी झालेला नाही आणि खोकी थांबवून सुटणारही नाही. तरी ती कमी करा. पैसे राहतात म्हणून, बाबा म्हणतात म्हणून नव्हे.

आता ज्याच्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सोडत नाही: आई टेबल आवरत राहिली.

बाबा म्हणतात एका पगारात. तुम्ही म्हणता, हो, एका पगारात, पण तेव्हा स्वस्त होतं. एका पगारावर दोघांचं एकमत. पण त्या घरात पूर्ण वेळ काम करणारी माणसं दोन होती. तुम्हा भावंडांना सांभाळणं, अभ्यास घेणं, आजीआजोबांचं शेवटचं आजारपण, रोजचा स्वयंपाक, फाटलेलं शिवणं, आणि तो एक पगार शेवटच्या तारखेपर्यंत ताणणं. बाबा म्हणतात मी आईवडिलांना सांभाळलं. मला विचारावंसं वाटतं की रात्री दोन वाजता उठून कोण बघत होतं? या कामाला पगार नव्हता म्हणून ते हिशेबात आलं नाही. आपल्याच घरात असं होतं असंही नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वी यातली गंमत दाखवली होती. एखाद्याने आपल्याकडे पगारावर घर सांभाळणाऱ्या बाईशी लग्न केलं, की देशाचं उत्पन्न घटतं! काम तेच, बाई तीच, फक्त पगार थांबला. आजही देशांचं उत्पन्न मोजताना घरातलं बिनपगारी काम धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरात घर आणि माणसं सांभाळण्याच्या बिनपगारी कामाचे तीन-चतुर्थांशाहून जास्त तास बायका देतात.

तुमच्या घरात आईच्या जागचं काम नाहीसं झालेलं नाही. ते पाळणाघराच्या पावतीवर आहे, घरकामाच्या मदतनीस बाईंच्या पगारात आहे, शिकवणीच्या फीमध्ये आहे, आणि उरलेलं रात्री साडेदहानंतर तुमच्या अंगावर आहे. दुसऱ्या पगाराचा मोठा तुकडा पहिल्या पिढीत फुकट होणाऱ्या कामाची किंमत चुकवण्यात जातो. आणि नेमकं हेच काम दरवर्षी महाग होत जातं. याचं कारण १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी संगीताच्या उदाहरणाने समजावलं होतं. चार वादकांसाठी लिहिलेली बीथोव्हेनची रचना वाजवायला तेव्हाही चार वादक आणि तेवढीच मिनिटं लागत, आजही तेवढीच लागतात. तिथे यंत्र आणून वेळ वाचवता येत नाही. पण बाहेर कारखान्यांमध्ये माणसामागे उत्पादन वाढतं, पगार वाढतात, आणि वादकालाही तसाच पगार द्यावा लागतो. नाहीतर तो वादन सोडून दुसरं काहीतरी करेल. पाळणाघरातल्या ताईंचंही तेच. एक माणूस एका वेळी किती तान्ही मुलं बघणार? शिक्षक, परिचारिका, आणि हो, फॅन दुरुस्त करणारा. माझ्या मुलाच्या घरी फॅनकडे नुसतं बघणं जवळजवळ नव्या फॅनइतकं महाग का पडलं, त्याचं उत्तर हे आहे.

म्हणून बाबांच्या काळात वस्तू महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त होता, त्यातही बायकोचा फुकट. तुमच्या काळात वस्तू स्वस्त झाल्या. माणसाचा वेळ आणि जमीन महागली. दोघंही आपापल्या काळात जे महाग होतं ते मोजताय आणि दुसऱ्याच्या काळात जे स्वस्त होतं ते दाखवताय. असं भांडण रोज नव्याने करता येतं.

तुम्हाला मागे पडल्यासारखं वाटतं, असं पत्राच्या शेवटच्या ओळींतून मला दिसलं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के जण मोठेपणी आपल्या आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत ते प्रमाण निम्म्यावर आलं. प्रत्येक देशाची वाट वेगळी, सगळीकडे हेच आकडे निघतील असं नाही. पण नव्वद टक्के पोरं पुढे जाताना बघितलेल्या पिढीला, मागे राहणं हा पोराचाच दोष वाटतो, एवढं यातून समजून घ्या.

आता पैशांकडे. मी नको म्हणते त्याचं कारण टोमणे नाहीत. टोमणे घरोघरी असतात, आणि तुमच्या नवऱ्याचा मान हे एकटं कारण मला पुरेसं वाटत नाही. कारण बाबांचं वय आहे. त्यांनी आयुष्याची लांबी आपल्या वडिलांवरून धरलेली असणार. १९५० मध्ये जगाचं सरासरी आयुर्मान सुमारे ४६ वर्षं होतं, आज ते सुमारे ७३ आहे. यातली बरीच वाढ लहान मुलं वाचू लागल्यामुळे झाली हे खरं, पण म्हातारी माणसंही आता जास्त जगतात. ७१ चा माणूस ९० पर्यंत जाणं आता नवल नाही. आई त्यांच्याहून लहान असेल तर तिचा हिशेब आणखी लांब. ती ठेव म्हणजे वीस-पंचवीस वर्षांचा घरखर्च, औषधं आणि महागलेला माणसाचा वेळ आहे. त्यांना उद्या सांभाळायला माणूस लागेल तेव्हा तो पगारावरच ठेवावा लागेल, कारण तुमच्या घरात पूर्ण वेळ आई नाही. ठेव मोडली तर तो पगार तुम्ही देणार, हप्त्याच्या वर.

तेव्हा बाबांना सरळ विचारा. दरमहा निश्चित येणारी रक्कम किती, आणि ती महागाईबरोबर वाढते का? आजारपणासाठी वेगळं काय ठेवलंय? तुमच्या नंतर आईला काय मिळेल? तिन्हींची उत्तरं समाधानकारक आली, तर पुढच्या वर्षी ठेवीचा काही भाग घ्यायला माझी हरकत नाही. भावाला सांगून, कागदावर लिहून, आणि ‘याच वर्षी’ ही अट काढून. उत्तरं डळमळीत आली तर विषय तिथेच संपला. घर घ्यायचं की भाड्याने राहायचं हे तुम्ही दोघांनी हप्ता, भाडं आणि नोकरीची शाश्वती बघून ठरवा. नोकरी बदलल्यावर गाव बदलावं लागणार असेल तर भाड्याचं घर म्हणजे कमीपणा अजिबात नाही. वाढदिवसाच्या टेबलावर यातलं काही ठरत नसतं.

नवऱ्याला आत जायला लावणारं ते बोलणं मात्र बाबांनी मागे घ्यायला हवं, आणि ते तुम्हीच सांगायचं, तो नाही. एकटीने, फोनवर नको, समोर बसून. ‘बाबा, मला काय बोलायचं ते बोला, त्याच्यासमोर नको.’ एवढंच. महागाईचं गणित त्या दिवशी काढू नका.

गणितासाठी दुसरा दिवस ठेवा. तुमच्या आईकडे हिशेबाची जुनी वही असेल. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांकडे असते, कपाटात साड्यांच्या खाली नाहीतर जुन्या बिलांच्या पिशवीत. ती मागा. त्यातल्या तीन-चार नोंदी घ्या: एक वस्तू, एक औषध, शाळेची फी, घराचा हप्ता. प्रत्येकीसमोर बाबांना तेव्हा किती दिवस राबावं लागलं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. शेजारी तुमचे दिवस तुम्ही लिहा. काही ठिकाणी ते जिंकतील, काही ठिकाणी तुम्ही. मग आईचे तास लिहायला तिसरा रकाना आखा आणि पेन तिच्या हातात द्या. त्या वेळी टेबल बाबांनी आवरलं तर उत्तम. नाही आवरलं तर तुम्ही आवरा, पण तिला उठू देऊ नका. पगार दर महिन्याला किती तारखेला संपायचा आणि पुढचे दिवस कसे निघायचे, हे त्या घरात फक्त तिलाच माहीत आहे.